येऊरचं रिक्षाभाडं: नुसता दरफलक लावून भागेल का?

उपवनकाठ:

नमस्कार मंडळी. ठाण्यातलं उपवन तळं ते वर डोंगरावरचं येऊर या टप्प्यातल्या रिक्षाभाड्यावर आम्ही दोन-तीन सोसायट्या आणि वरचे काही बंगलेवाले मिळून निवेदन तयार करतोय. आरटीओ, वाहतूक पोलीस आणि महापालिका अशा तिघांना द्यायचंय. परिस्थिती ठाणेकरांना वेगळी सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी वर जायला मीटर पडत नाही. "दोनशे द्या, खाली रिकामं यावं लागतं" हे ठरलेलं वाक्य. रात्री वरून खाली यायचं तर तोंडाला येईल तो आकडा.

मसुद्यात सध्या एकच मागणी आहे: पायथ्याला दरफलक लावा. ती पुरेशी वाटत नाही. तर विचारायचं हे की आजच्या दराने भाडं नेमकं किती होतं? या टप्प्याला वेगळा दर मंजूर करून घेता येतो का? प्रीपेड टेबल (आधी पैसे भरून पावती घ्यायची) लावलं तर ते चालवायचं कसं? आणि कोणत्या कलमाला खरंच दात आहेत? मला कसं लुटलं याचे किस्से भरपूर जमलेत, ते नकोत. आकडे, कलमं आणि काय फसतं ते सांगा.

मीटरडाऊन:

आधी हिशेब. मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाचा १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा रिक्षाचा दर: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट. अकरा वाजता "नाईट" लावतात ते बेकायदा. डोंगर चढला म्हणून मीटरचा दर बदलत नाही.

उपवन ते वरचा बसथांबा चार किलोमीटर धरू. मी गणितापुरतं धरतोय, तुम्ही मोजून घ्या. २६ अधिक अडीच गुणिले १७.१४, म्हणजे ६८.८५. सरळ ६९ रुपये, रात्री ८६. ठाणे स्टेशनपासून आठ किलोमीटर धरलं तर १३७, रात्री १७२.

आता समोरच्याची बाजू. ती न मांडता गेलात तर पहिल्याच बैठकीत युनियनवाले तुमचं निवेदन परतवतील. तीन सवाऱ्या घेऊन चढ चढताना रिक्षा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत जाते. सपाटीला किलोभर सीएनजीत ३०-३५ किलोमीटर जाणारी गाडी तिथे २० वर येते. गॅस किलोला ८० रुपये धरा: चार किलोमीटर चढायला १६ रुपये. उतरताना पाच-सहा रुपयांच्या वर गॅस जात नाही. (उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तेवढेही वाचवणारे आहेत. ब्रेक तापून धरेनासे होतात, तिथे बसू नका.)

म्हणजे "रिकामं यावं लागतं" यात गॅस नगण्य आहे. खरा खर्च वेळेचा. उतरायला १२-१५ मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात खाली वर्तकनगरला एक किमान भाडं सुटतं, फार तर दीड. २६ ते ३९ रुपये. रिकाम्या अंतराचा अर्धा दर द्या असं म्हटलं तर चार किलोमीटरचे ३४ होतात, ते बरोबर या मापात बसतात. ६९ आणि ३४ मिळून १०३. तुमच्याकडे दोनशे मागतात त्यातले शंभर कामाचे, उरलेले रांगेचे. रांगेचे म्हणजे असे की नाक्यावरच्या चार-सहा गाड्यांसमोरून बाहेरच्याने सवारी उचलली तर त्याची गाडी अडवली जाते. बाहेरचा फिरकत नाही, म्हणून भाव टिकतो. दरफलकाने यातलं काहीच हलणार नाही.

आणखी एक, हे मसुद्यात नक्की घाला. रिकामी फेरी दोन्ही दिशांना एकाच वेळी होत नाही. सुट्टीच्या सकाळी वर जाताना गाडी भरलेली, उतरताना रिकामी. संध्याकाळी उलट. दोन्ही वेळी दोन्ही बाजूंनी रिकाम्या फेरीचे पैसे घेणं म्हणजे एकाच म्हशीचं दूध दोनदा विकणं. परतीचा अधिभार द्यायचाच तर दिशा आणि वेळ लिहून द्या: सकाळी फक्त चढताना, संध्याकाळी फक्त उतरताना.

घाटपायथा:

एवढं कशाला? मोटार वाहन कायद्याचं कलम १९२ अ लावा, दहा हजार दंड. आठवड्यात सरळ येतील.

जुनं_परमिट:

घाटपायथा, तिथेच गाडी घसरते. कलम १९२ अ हे परमिट नसताना गाडी चालवणं, किंवा परमिटमधल्या मार्ग, क्षेत्र, वापराचा हेतू यांच्या अटी मोडणं यासाठी आहे. परमिट असलेल्या रिक्षाने आपल्याच हद्दीत जास्त पैसे मागितले तर ते कलम बसत नाही. लावलं तरी टिकत नाही आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचीही किंमत जाते.

भाडं नाकारण्याचं कलम १७८(३). त्यात गंमत बघा: तीनचाकीला दंडाची मर्यादा ५० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीत बाकी गाड्यांची मर्यादा ५०० झाली, तीनचाकीची ५० च राहिली. दोनशे रुपये मागणारा माणूस ५० च्या दंडाला काय भीक घालणार?

खरे दात कलम ८४ आणि ८६ मध्ये आहेत. कलम ६७ खाली ठरलेलं भाडं पाळणं ही ८४ नुसार प्रत्येक परमिटची अट आहे, वेगळी लिहावी लागत नाही. अट मोडली की ८६ खाली परिवहन प्राधिकरण परमिट निलंबित किंवा रद्द करू शकतं. त्याआधी परमिटधारकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्याच कलमात निलंबनाऐवजी ठरावीक रक्कम भरून घ्यायचीही सोय आहे. पंधरा दिवस गाडी उभी राहणं आणि ५० रुपये भरणं यातला फरक रिक्षावाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

पण ८६ ची कारवाई कागदावर उभी राहते. "एका रिक्षावाल्याने जास्त घेतले" या तक्रारीचं काहीच होत नाही. गाडीचा पूर्ण नंबर, तारीख, वेळ, कुठून कुठे, मागितलेली रक्कम आणि दिलेली रक्कम हे सगळं हवं. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट हा सगळ्यात चांगला पुरावा, कारण त्यात वेळ आणि रक्कम दोन्ही येतं. चालकाचा बिल्ला नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण पुष्कळदा गाडी एकाची आणि चालवणारा शिफ्टवरचा दुसराच. नोटीस परमिटधारकाला जाते, आणि तो म्हणतो मी नव्हतोच. म्हणून दोन्ही नंबर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वेगळा दर मागता येतो, पण महापालिका तो देऊ शकत नाही, स्थानिक वाहतूक पोलीसही नाहीत. भाडं ठरवणं प्राधिकरणाचं काम. अर्ज ठाणे आरटीओमार्फत पुढे जातो. स्टँडची जागा मात्र वेगळा विषय, तो कलम ११७ चा: गाड्या कुठे उभ्या राहतील हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरतं. तेव्हा निवेदन एकच देऊ नका. दराचं एक आणि जागेचं एक. एकत्र दिलं की प्रत्येक टेबलावर "हे आमच्याकडे येत नाही" असा शेरा पडतो आणि कागद फिरत राहतो. जागेसाठी आरटीओ, वाहतूक शाखा आणि महापालिका यांची संयुक्त पाहणी मागा, आणि पाहणी शनिवारी संध्याकाळी व्हावी असं स्पष्ट लिहा. मंगळवारी सकाळी अकराला आले तर तळ्याकाठी चार म्हातारे आणि एक कुत्रं, बाकी काही दिसायचं नाही.

पावतीपुस्तक:

प्रीपेड टेबलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कागदावर सोपं दिसतं आणि दोन महिन्यांत बंद पडतं ते हेच.

पावती तीन प्रतींची. पांढरी प्रवाशाकडे, गुलाबी चालकाकडे, पिवळी पुस्तकात. पावतीवर छापील अनुक्रमांक, वेळ, गाडीचा नंबर, कुठल्या टप्प्यापर्यंत आणि रक्कम. पैसे टेबलावर भरायचे. प्रवासी उतरताना पांढरी प्रत चालकाला देतो, चालक ती आणून पैसे घेतो. सगळा जोर त्या पांढऱ्या कागदावर आहे. तो उतरायच्या आधी हातातून गेला की संपलं.

फसतं ते असं. चालक निघतानाच पांढरी प्रत मागून घेतो, मग वळणावर गाडी थांबवून "आत रस्ता खराब आहे, पन्नास वर द्या". म्हणून पावतीवर ठळक छापा: "उतरल्यावरच द्या". दुसरं, घाईत गाडीचा नंबर कोरा राहतो. कोरी पावती म्हणजे तक्रारीला शून्य. नंबर लिहिल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा नियम टेबलावरच्या माणसाला पाठ हवा. तिसरं, पैसे चुकते करायला उशीर. संध्याकाळी मिळतील असं सांगितलं की चालक दुसऱ्या दिवशीपासून टेबल टाळतो, कारण त्याला गॅस रोख भरायचा असतो. फेरीहून आला की लगेच पैसे. त्यासाठी टेबलावर शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा हव्यात, नाहीतर यूपीआय. चौथं, टेबलावरचा माणूस ओळखीच्यांना लांबच्या फेऱ्या देतो. उपाय: रांगेचा नंबर फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहायचा.

टप्पे नीट पाडा. "येऊर" ही एक जागा नाही. गावचा बसथांबा एक, पाटोणापाड्याकडचा रस्ता दुसरा, आतले विखुरलेले बंगले तिसरे. एकच दर लावलात तर चालक पहिल्या फाट्यावर उतरवेल आणि तो चुकीचा ठरणार नाही. तीन टप्पे पुरेत. प्रत्येकाची हद्द एखाद्या न हलणाऱ्या खुणेने सांगा. बंगल्याच्या किंवा हॉटेलच्या नावाने नको, पाटी बदलली की भांडण सुरू.

खर्चाचा अंदाज: दोन माणसं, प्रत्येकी दिवसाला ७०० धरले तर १,४००. पावतीमागे ५ रुपये सेवाशुल्क घेतलं तर दिवसाला २८० पावत्या फाटल्या पाहिजेत. आडदिवशी तेवढी वर्दळ नसते. म्हणून रोजचं टेबल मागूच नका, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढंच मागा. आडदिवशी मीटर. वर पक्की टपरी किंवा बूथही सुचवू नका. राष्ट्रीय उद्यान शेजारी आहे, डिसेंबर २०१६ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मुद्दा निघतो आणि फाईल वनखात्यात जाऊन बसते. घडीचं टेबल, छत्री, फळा. बस.

शेअर रिक्षाचंही लिहून द्या. मीटरच्या ६९ वर एक तृतीयांश जास्त धरलं की ९२, त्याला तीनने भागलं की सीटला ३१. तिघे बसले तर चालकाला ९३ मिळतात, म्हणजे मीटरपेक्षा २४ जास्त, आणि प्रवाशाला एकतीसच. दोघे-तिघे कॉलेजची मुलं, कामाला जाणाऱ्या बायका यांना हेच सोयीचं. चौथा पुढे बसवायचा नाही, परवानगी तिघांचीच आहे आणि त्या चढाला चौथा म्हणजे क्लचचे हाल.

उपवनकाठ:

खूप उपयोगी. दोन शंका. बंगलेवाल्यांपैकी काहींचं म्हणणं आहे की आम्हीच एक व्हॅन ठेवतो, पाहुण्यांकडून माणशी पन्नास घेतो, रिक्षाचा प्रश्नच नको. आणि ॲपच्या गाड्या वर का येत नाहीत?

जुनं_परमिट:

व्हॅन पांढऱ्या पाटीची असेल आणि भाडं घेणार असाल, तर घाटपायथा यांचं १९२ अ बरोबर तुम्हालाच लागेल. 😀 खासगी नोंदणीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं म्हणजे परमिटशिवाय प्रवासी वाहतूक. पिवळ्या पाटीची, परमिट असलेली गाडी फेरीच्या किंवा महिन्याच्या कराराने घ्या. तिचं भाडं बंगल्याने भरायचं, पाहुण्यांकडून सीटमागे वसुली नको.

तलावपाळी:

ॲपवाल्यांचं गणित रिक्षापेक्षा वेगळं नाही. वर सोडलं की पुढचं भाडं खालीच मिळणार, त्यात आत रेंज जाते, मग चालक लोकेशन बघूनच रद्द करतो. केंद्राच्या जुलै २०२५ च्या ॲग्रिगेटर (म्हणजे ॲपवाल्या कंपन्या) मार्गदर्शक सूचनांत कारणाशिवाय रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये दंड आहे. पण फेरी स्वीकारलीच नाही तर दंड कसला? ॲपवर भरवसा ठेवून योजना आखू नका.

माझ्या मते तुमच्या निवेदनात सगळ्यात मोठी उणीव टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसची आहे. येऊरला बस जाते. भाव पाडायला बसइतकं स्वस्त हत्यार नाही: जिथे बस वेळेवर असते तिथे रिक्षावाला मागतानाच विचार करतो. अडचण शेवटच्या फेरीची. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लहान बसच्या दोन-तीन जादा फेऱ्या, वनखात्याच्या नाक्याच्या वेळा सांभाळून. हे पत्र परिवहन व्यवस्थापकांना आणि परिवहन समितीला, वेगळं. आणि बसचं वेळापत्रक भाड्याच्या फलकावरच लावायचं, वीस पावलं लांब नाही.

हे सांगायचं कारण माथेरान. तिथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी, म्हणजे पर्यटक नाक्यावर पूर्ण परस्वाधीन. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल असते, पण नवख्याला ते कोण सांगणार? चुकीची माहिती देऊन पर्यटकांना लुबाडतात म्हणून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच बंद पुकारला होता. तिथे भांडण दरावरून कमी आणि पर्याय लपवण्यावरून जास्त होतं. येऊरलाही तेच: बस आहे हेच निम्म्यांना ठाऊक नसतं.

आणि कृपया रिक्षावाल्यांना वगळून काही ठरवू नका. गोव्यात २०१८ साली सरकारी पाठबळाने गोवा माईल्स ॲप आलं, स्थानिक टॅक्सीवाल्यांशी त्याचा झगडा वर्षानुवर्षं चालला. येऊरच्या पाड्यांवरच्या ज्या मुलांकडे परमिट-बिल्ला आहे त्यांना रांगेत आधी जागा द्या. रात्री वर राहणारी गाडी त्यांचीच असते, तिला खाली रिकामं जायचंच नसतं.

उपवनकाठ:

हे डोक्यातच आलं नव्हतं. वर राहणाऱ्याला संध्याकाळची वर परतायची फेरी द्यायची आणि अधिभारही नाही, असं लिहिते. शेवटचं: फलकावर ६९ लिहिलं आणि मीटरने ८० दाखवले तर?

मीटरडाऊन:

तर फरक कशाचा ते बघा. रिक्षाचं टायर ४.००-८ चं, बाहेरचा व्यास साधारण ४१ सेंटिमीटर. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतं. टायर चार मिलिमीटर झिजलं की व्यास आठने कमी होतो, मीटर दोन टक्के पुढे पळतं. चार किलोमीटरला जेमतेम दीड रुपया. वाटेत गाड्यांच्या रांगेत अडकलात तर वेटिंगही चढतं. रस्ता मोकळा असताना ६९ चे ८० म्हणजे १६ टक्के, ते टायरचं काम नव्हे. वैधमापन खात्याचं सील शाबूत आहे का बघा आणि गाडीचा नंबर देऊन आरटीओकडे मीटर तपासणी मागा.

अंतर मोजायला रिक्षाचं मीटर वापरू नका आणि एकाच गाडीवरही विसंबू नका. तीन वेगळ्या गाड्या, तिघांच्याही चाकात हवा बरोबर, आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायची जागा एकच: स्टँडवर जिथे पहिली रिक्षा उभी राहते तिचं पुढचं चाक. तळ्याच्या कडेपासून मोजलं तर दीड-दोनशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे अडीच-तीन रुपये, आणि बैठकीत सगळा वेळ त्या तीन रुपयांवरच जातो. तिन्ही आकडे निवेदनात द्या, सरासरी काढून एकच आकडा देऊ नका.